भिंगकाकांची पाच बटणं

भिंगकाकांनी माझ्याशी पहिला शब्द बोलायच्या आधी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम चालू होता. मी नुकतीच नागपूरहून नोकरीसाठी आलेली, हातात तिळगुळाची ताटली. एक ठेंगणे, टाय लावलेले गृहस्थ समोर आले, दोन बोटांनी चष्मा उचलला, ट्यूबलाइटकडे धरून हळूहळू फिरवला आणि म्हणाले, "डावं भिंग जरा खाली बसवलंय. संध्याकाळी डोकं दुखत असेल ना?" दुखत होतं. तीन महिने दुखत होतं आणि मी त्याचं खापर इथल्या हवेवर फोडत होते. चष्मा परत माझ्या नाकावर चढवून देत ते म्हणाले, "दुकानात जा आणि सांग की सेंटर चुकलंय. भांडू नकोस, नुसतं सांग." मी गेले, भांडले, आणि डोकेदुखी थांबली.

त्यांचं खरं आडनाव मंडळाच्या यादीत होतं, पण ते फक्त यादी करणाऱ्यालाच ठाऊक. बाकी सगळ्यांचे ते भिंगकाका. मूळचे मिरजेचे. तरुणपणी इंग्लंडला आले ते एजवेअरला चष्म्याची भिंगं घासणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. काच दिसली की त्यांना राहवत नसे. लग्नात फोटोग्राफरचा कॅमेरा मागून घ्यायचे. कुणाकडे जेवायला गेले तर पाण्याचा ग्लास तोंडाला लावण्याआधी खिडकीकडे धरायचे. त्यांची बायको, नलूकाकू, हळूच म्हणायच्या, "अहो, प्यायला दिलंय ते, पास करायला नाही." काकांना ते पटायचं, पण पुढच्या घरी पुन्हा तेच.

अशा माणसाला हरणांच्या शिकारीचा नाद असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. वर्कशॉपमधल्या एका सहकाऱ्यानं आपल्या रायफलीवरची दुर्बीण, म्हणजे स्कोप, त्यांना सहज बघायला दिला. काकांनी तो का वाईट आहे हे त्याला जेवणाच्या सुट्टीभर समजावलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, मग रानात येऊनच बघ. काका गेले, ते तीस वर्षं जात राहिले. निवृत्तीनंतर एजवेअर सोडून ब्रॅकनेलला आले तेसुद्धा हॅरिएटचं रान जवळ पडावं म्हणून. हॅरिएट ही साठीची शेतकरीण. तिनं ओकची आणि हेझलची रोपं लावायची आणि हरणांनी ती शेंड्यापासून कुरतडायची, असं तिथे वर्षानुवर्षं चाललेलं. या देशात हरणांना खाणारं जनावर आता उरलेलं नाही, त्यामुळे मोसमात काही हरणं मारावीच लागतात. ते काम हॅरिएटनं काकांवर सोपवलं होतं.

मला या भानगडीत ओढलं ते काकूंच्या डब्यानं. हरणाचं मटण आणि कांदाखोबऱ्याचं वाटण, तिखट असं की बोलायची सोय नाही. मी नागपूरची, सावजी खाऊन वाढलेली, मला कोण काय तिखट खायला घालणार या तोऱ्यात मी सुरुवात केली आणि नाक पुसत शेवट केला. डबा बोटांनी पुसून खाताना कॉलेजात एनसीसीमध्ये नेमबाजी केल्याचं बोलून गेले. काकांनी मान वर केली.

"हात कापतो का?"

"नाही."

"खोटं. सगळ्यांचा कापतो. रविवारी चल."

रानात त्यांना एकाच गोष्टीची भीती होती आणि ती त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकली. "हरीण मिळालं नाही तर काही बिघडत नाही. घरी पिठलं आहे. पण जखमी होऊन झाडीत शिरलं, तर ते तिथं तडफडत पडतं. आणि ते आपल्यामुळं. त्याच्यावर काही इलाज नाही, सॉरी म्हणून भागत नाही." म्हणून त्यांनी स्वतःला एक परीक्षा लावून घेतली होती. दर मोसमाआधी शंभर यार्डांवर एक कागदी ताटली टांगायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही तळहाताएवढ्या जागेत बसल्या तर मोसम सुरू, एक जरी बाहेर गेली तर घरी. सत्तरी उलटली तरी त्यांच्या तिन्ही गोळ्या तळहातातच बसत होत्या. या परीक्षेचं मला भारी कौतुक वाटायचं, कारण मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा.

वर्षभर मी त्यांच्याबरोबर नुसती हिंडले आणि मग स्वतःची रायफल घ्यायचं ठरवलं. इथे रायफल घ्यायची म्हणजे पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं. त्यासाठी दोन ओळखीच्या माणसांचा हवाला, डॉक्टरांचा रिपोर्ट, भिंतीला बोल्टनं आवळलेलं लोखंडी कपाट आणि ते कपाट बघायला घरी येणारा अधिकारी. स्कोप मात्र कुणीही उठावं आणि आणावा. सर्टिफिकेट यायला महिने लागणार होते, आणि मला दम कुठला. मी चौदा रकान्यांचा तक्ता केला, तीनशे पौंडांच्या आत बसणारे सगळे स्कोप त्यात भरले आणि सगळ्यात जास्त मोठं दाखवणारा, मध्ये लाल दिवा लागणारा एक मागवला. नवरा म्हणाला, "गाडी घ्यायच्या आधी आरसा आणलास." मी दुर्लक्ष केलं. स्कोप घेऊन भरदुपारी काकांच्या घरी गेले.

चोवीस पट मोठं दिसतं, असं मी सांगितलं. काकांनी तो हातात घेतला, वजन पाहिलं, आणि आतून न बघताच परत दिला.

"संध्याकाळी आण."

"का? आत्ता बघा ना."

"आत्ता काय बघायचं? दुकानातल्या लाइटखाली सगळेच स्कोप हुशार असतात. हरीण कधी बाहेर येतं? उजाडताना आणि मावळताना. मग स्कोप त्याच वेळी बघायचा."

संध्याकाळी गेले तेव्हा काकांचा बंदोबस्त तयार होता. मागच्या बागेच्या टोकाला झुडपांचं कुंपण होतं, त्यात हँगरला अडकवलेला एक तपकिरी स्वेटर. नलूकाकूंनी कधीकाळी विणलेला, कुणालाच न झालेला. पुढे पाच बटणं, तीही तपकिरी. या टोकाला व्हीली बिन, म्हणजे चाकांचा कचऱ्याचा डबा, त्यावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर स्कोप टेकवायचा. सूर्य मावळला की बघायला लागायचं आणि बटणं मोजत राहायचं. ज्या स्कोपमधून पाचही बटणं सर्वांत उशिरापर्यंत दिसतील तो चांगला. शेजारच्या बाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं होतं की हा तुमचा काही सण असतो का. काकांनी "हो" म्हणून सांगितलं, कारण खरं सांगायला फार वेळ लागला असता.

माझा चोवीसपटवाला पहिल्या दहा मिनिटांत आंधळा झाला. स्वेटरचा नुसता डाग दिसायला लागला. लाल दिवा तेवढा झगझगत होता, त्यामुळे होतं तेही दिसेना. काका अजिबात हसले नाहीत, उलट समजूत काढावी तसं बोलले. "मोठं दिसलं म्हणजे नीट दिसलं असं नाही गं. तेवढ्याच पैशांत त्यांनी झूम घातला, दिवा घातला, बटणं घातली, मग काचेला काय उरलं? कमी पैसे असतील तर कमी भानगडीचा स्कोप घ्यायचा. सगळे पैसे काचेत गेले पाहिजेत." आणि चोवीस पटीत माझा श्वाससुद्धा भूकंपासारखा दिसेल, हेही त्यांनी वर सांगितलं. मी घरी जाऊन तक्त्यातले अकरा रकाने पुसून टाकले.

दुसरा स्कोप काचेला बरा निघाला, पण त्यात बघायला डोळा फार जवळ न्यावा लागायचा. काकांनी तेही बजावलं होतं. मी म्हटलं, चालवून घेईन. हॅरिएटच्या परवानगीनं आम्ही तो तिच्या शेतावर काकांच्या रायफलीवर चढवला, काका शेजारी उभे, मी ताटलीवर पहिली गोळी झाडली आणि रायफलीच्या धक्क्यानं स्कोपची कड थेट माझ्या भुवईवर बसली. रक्त आलं, भुवईवर मस्त चंद्रकोर उमटली. घरी काकूंनी हळद दाबली आणि काकांवरच डाफरल्या, "पोरीचा डोळा फोडायला नेली होतीत का?" काका म्हणाले, "नलू, चार बोटं अंतर हवं म्हणून सांगितलं होतं मी. हिला तीनच बोटं आहेत." सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते आणि कुणीही काही विचारलं नाही. इंग्रजांचं हे एक बरं असतं.

मग तिसरा. हा मात्र मी काकांनी सांगितलं तसाच शोधला होता. गावाबाहेर गॉर्डन नावाच्या म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान आहे, तिथल्या जुन्या मालाच्या कपाटात सापडला. झूम नाही, दिवा नाही, एकच सहा पट, डोळ्यापासून चार बोटं अंतर, मध्ये साधं अधिकचं चिन्ह. नळीवर ओरखडे, पण काच स्वच्छ. नवा घ्यायचा तर माझ्या पैशांच्या तिप्पट लागले असते. गॉर्डननं तो चार दिवस बघायला दिला. एप्रिलची सुरुवात होती. सूर्य मावळून पाव तास झाला होता, मी व्हीली बिनवर वाकून बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पाचही बटणं, एकाखाली एक.

मग काका वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"तीन," ते म्हणाले. "खालची दोन गेली. काच अंधूक आहे. तुला किती दिसतात?"

आता इथे मी काय करायला हवं होतं हे कुठलंही शेंबडं पोर सांगेल. पण समोर भिंगकाका होते. त्यांनी उभा जन्म काचा घासल्या होत्या आणि मी एक वर्ष झालं त्यांच्यामागे फिरत होते. ते तीन म्हणतात तर तीनच असणार, माझं काहीतरी चुकत असणार, शिवाय वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं. मी पुन्हा वाकून बघितल्यासारखं केलं. पाचच होती.

"तीनच," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी स्कोप गॉर्डनला परत केला. त्यानं स्कोप खिडकीकडे धरून एकदा स्वतः बघितलं आणि खांदे उडवले. पुढच्याच आठवड्यात त्यानं मला आणखी एक दाखवला, थोडा महाग, थोडा नवा. पुन्हा व्हीली बिन, पुन्हा टॉवेल. काका म्हणाले तीन. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तीन. म्हणजे साडेतीन."

"साडेतीन?" काकू चहाचे कप घेऊन मागे उभ्या होत्या. "बटण काय अर्धं असतं का? सरक, मला बघू दे." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या एकाही स्कोपला डोळा लावला नव्हता. त्यांनी पदर खोचला, कप व्हीली बिनच्या कडेला ठेवले, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "पाच आहेत की ठसठशीत. वरचं लोंबतंय. टाका घालायला हवा."

 काका घरात गेले आणि स्वतःचा स्कोप घेऊन आले. त्याच्यावर त्यांचा देवासारखा विश्वास होता. तो टॉवेलवर ठेवून उजव्या डोळ्यानं बघितलं. मग डाव्या डोळ्यानं. मग पुन्हा उजव्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पाच म्हणा, काहीही करून पाच म्हणा. ते सरळ उभे राहिले आणि टॉवेलची घडी नीट केली.

"चहा गार होतोय," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "मागच्या स्कोपमधून तुला किती दिसली होती?"

"पाच."

"मग तीन का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

काका कधी चिडल्याचं मला आठवत नाही, फक्त तेव्हाचं आठवतं. कप त्यांनी इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. "मी म्हणालो म्हणून? आणि उद्या मी म्हणालो की ते समोर हरीण आहे, तर? झाडशील गोळी? तिथं कुणाचा कुत्रा असेल, कुणी माणूस असेल!" मी रडकुंडीला आले. काकू मधे पडायला गेल्या, त्यांना हातानं थांबवून काका एकदम खालच्या आवाजात बोलायला लागले.

"हिवाळ्यात एक मादी माझ्या हातून लंगडत गेली," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळची वेळ होती. मी म्हटलं, वाऱ्यानं फांदी हलली असेल, फांदीला लागून गोळी वळली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅरिएटचा कुत्रा घेऊन गेलो तेव्हा सापडली. जिवंत होती." मग बराच वेळ ते बशीतला चहा कपात परत ओतत बसले. "वारा नव्हता गं त्या दिवशी. आणि ताटली मी दरवर्षी दुपारी लावतो. स्कोप संध्याकाळी तपासले सगळ्यांचे, आणि स्वतःला दुपारी तपासत राहिलो."

ते ऐकून मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. चुका काढायचा पगार घेणारी मी, मलाही त्या परीक्षेतली ती चूक दिसली नव्हती. आणि मी खोटं बोलले नसते तर हे त्यांना एक आठवडा आधी कळलं असतं. एक आठवडा म्हणजे फार नाही, पण एप्रिलमध्ये नरांचा मोसम सुरू झाला होता आणि त्या आठवड्यात काका दोनदा रानात जाऊन आले होते. सुदैवानं दोन्ही वेळा हात हलवत.

डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मीच त्यांना घेऊन गेले. पडद्याच्या मधोमध झीज सुरू झाली होती, उजव्या डोळ्यात जास्त. भरदिवसा वाचता येत होतं, पण उजेड कमी झाला की मधलं जग पुसट व्हायचं. यावर चष्मा नाही, हे काकांना डॉक्टरांच्या आधी माहीत होतं.  परत येताना गाडीत मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की सर्टिफिकेट अजून तीन वर्षं चालेल, दुपारी कधी गेलात तर काय हरकत आहे, कुणाला कळणार.

"मला कळेल," ते म्हणाले. आणि मग अगदी सहज, "रायफल तूच घे. तुझं सर्टिफिकेट आलं की नावावर करू. हॅरिएटशी मी बोलतो."

डोळ्यांचं कळवायला पोलिसांना त्यांनी स्वतः फोन केला. फोन उचलणाऱ्या बाईला ते इतकं व्यवस्थित समजावून सांगत होते, जणू तिच्याच डोळ्यांना काही झालंय. रायफल सुटली याचं दुःख त्यांनी लपवलं नाही. काकूंना म्हणाले, "दोन दिवस माझ्याशी कुणी बोलू नका," आणि खरंच दोन दिवस बागेत खुरपत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला, आवाज नेहमीचा. "गॉर्डनकडे जायचंय. तो सहापटवाला अजून आहे का विचार."

तो होता. मला हायसं वाटलं, पण काका स्कोपकडे गेलेच नाहीत, आधी सरळ गॉर्डनपुढे जाऊन उभे राहिले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. काका कॉलर नीट करून मोठ्यानं म्हणाले, "गॉर्डन, आय सेड युवर ग्लास वॉज डल. इट वॉज माय आय." भिंगकाकांच्या तोंडून हे ऐकणं मला जड गेलं. त्यांच्या शब्दावर त्या दुकानात किती स्कोप विकले गेले आणि किती परत आले असतील कुणास ठाऊक. गॉर्डननं त्यांच्याकडे बघितलं, गल्ल्यामागून बाहेर आला आणि त्यांचा हात हातात घेतला. "आय नो अ गुड ग्लास व्हेन आय सी वन," तो म्हणाला, "अँड आय लर्न्ट इट फ्रॉम यू." काका लाजले. मग सवयीनं घासाघीस केली आणि एक लेन्स पुसायचं कापड फुकट मागून घेतलं.

सर्टिफिकेट जुलैत आलं. ऑगस्टभर काकांनी मला ताटलीवर घोटून घेतलं, दुपारी आणि मावळतीला, दोन्ही वेळेला. हॅरिएटनं मला होकार दिला, पण अर्ध्या मनानं. नव्या माणसाच्या हाती रान द्यायला ती घाबरत होती, आणि त्या वर्षी तिची हेझलची सगळी नवी लागवड डावं शिंग तुटलेल्या एका रो जातीच्या नरानं ओरबाडली होती. तो मिळाला पाहिजे, असं तिनं दोनदा सांगितलं. काकांनी तिला शब्द दिला होता की ही पोर निभावेल.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी आम्ही दोघं मचाणावर बसलो. इथलं मचाण म्हणजे झाडाला टेकवलेली शिडी आणि वर दोघांपुरती फळी. काकांच्या हातात काहीच नव्हतं. गुडघ्यांवर हात ठेवून ते बसले होते. समोर कापलेलं शेत, पलीकडे नेच्याची झुडपं. सूर्य मावळला. थोड्या वेळानं मला झुडपांशी हालचाल दिसली.

"नर आहे," मी कुजबुजले. "तोच असावा. डावं शिंग तुटकं आहे."

"मला दिसत नाहीये," काका म्हणाले. "सांगत राहा."

मी सांगत राहिले. त्यानं मान वर केली. आता दोन पावलं पुढे आला. आता चरतोय. आता आडवा होतोय. काका डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मी दोनदा त्यांच्याकडेच बघत राहिले. "मागे काय आहे?" त्यांनी विचारलं. मागे मातीचा उंचवटा, गोळी थांबेल. "खांदा दिसतो?" दिसतो. मी रायफल वर घेतली. हॅरिएट घरी वाट बघत होती. काकांनी दिलेला शब्द मला आठवत होता. स्कोपमध्ये अधिकचं चिन्ह त्याच्या खांद्यावर टेकलं, आणि तेवढ्यात तो नेच्यात एक पाऊल आत सरकला. तपकिरीत तपकिरी. खांदा कुठे संपतो आणि झुडूप कुठे सुरू होतं ते कळेना. तो तिथेच होता, कान हलताना दिसत होते. दहातल्या नऊ वेळा गोळी बरोबर बसली असती.

"काका," मी म्हणाले, "मला आता नीट दिसत नाहीये."

 मी रायफल खाली घेतली, गोळी काढून खिशात टाकली, बोल्ट उघडा ठेवला. नर चरत चरत निघून गेला. खाली उतरताना काकांना शिडीची पायरी दिसेना, म्हणून मी त्यांचा पाय धरून एकेका पायरीवर ठेवला.

हॅरिएटनं दार उघडलं तेव्हा ते माझ्या आधी बोलले. नर समोर होता, हिनं मारला नाही, असं तिला सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला. काका म्हणाले, "हॅरिएट, आता तू निश्चिंत झोप."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना घ्यायला गेले, तर ते बूट न घालता दारात आले. काकू आत भाजी चिरत होत्या. मी म्हटलं, चला, उशीर होतोय. ते हसले, माझ्या खांद्यावरचा रायफलीचा पट्टा एक भोक घट्ट केला आणि म्हणाले, "तू जा. आता मी लागत नाही तुला."